आभाळाचा वाटा

उन्हाळ्याविषयी लिहायचे आणि तेही दिवाळी अंकात, हे वाचकांना थोडे विपरीत वाटेल. दिवाळीत माणसाने थंडीविषयी लिहावे, अभ्यंगस्नानाविषयी लिहावे, फार तर चकल्या का बिघडतात याविषयी लिहावे. परंतु मी मराठवाड्यातला माणूस आहे. आमच्याकडे घर या विषयावर चार ओळी लिहायला बसले की पाचव्या ओळीत ऊन येतेच. शिवाय घराचा विचार माणूस खऱ्या अर्थाने दिवाळीतच करतो. एरवी आपण घरात नुसते राहतो. जळमटे काढताना आणि भिंतीला रंग देताना मात्र मान वर होते, छताकडे लक्ष जाते, आणि हे छत असेच का, असा प्रश्न वर्षातून एकदा तरी मनात येऊन जातो. माझा आजचा विषय तो प्रश्न आहे.

मराठवाडा हे काही वाळवंट नव्हे. नांदेडला गोदावरी आहे, तिचे घाट आहेत. परंतु सह्याद्रीने अडवून उरलेला पाऊस आमच्या वाट्याला येतो, आणि तोही कधी येतो, कधी निरोप पाठवतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. चैत्र-वैशाखात पारा 43-44 अंशांच्या घरात जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रेदेखील दिसत नाही, आणि हवेत ओलावा म्हणून नसतो. राजस्थानची वाळू तेवढी आमच्याकडे नाही. ऊन तेच आहे. अशा मुलखात घर बांधणे म्हणजे उन्हाशी करार करणे. तो करार आमच्या पूर्वजांनी कसा केला होता, ते आधी सांगतो.

आमचे मूळ घर लातूर जिल्ह्यात, औशाकडच्या एका खेड्यात. मोठा वाडा नव्हे. पण ढाळज होती, ढाळजेतून आत गेले की चौक, चौकाच्या भोवती ओसरी, आणि ओसरीच्या मागे अंधारी माजघरे. भिंती दगडमातीच्या, दोन हात रुंद. त्या भिंतींतच देवळ्या, कोनाडे आणि धान्याचे बळद. वर माळवद. ज्या वाचकांनी माळवद पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगायचे तर, लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर पाला, पाल्यावर हातभर माती आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ही पांढरी गावच्या पडक्या गढीतून खणून आणायची. तिचा गुण असा की पाऊस पडला की ती घट्ट बसते आणि पाण्याला खाली जाऊ देत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी सगळे गाव पांढरीच्या पाट्या वाहताना दिसे. आम्ही मुले माळवदावर ती पायाने दाबायला असायचो. ते काम आम्हाला सणासारखेच वाटे.

आणि त्या माळवदाला एक साणे असे. साणे म्हणजे छताला मुद्दाम ठेवलेले भोक. चुलीचा धूर त्यातून जाई, उजेड त्यातून येई. माजघराच्या अंधारात त्या साण्यातून उन्हाचा एक खांब उतरलेला असे आणि दिवसभर तो जमिनीवरून सरकत राही. आजीचे घड्याळ तेच. खांब जात्यापाशी आला की पोरे शाळेतून यायची वेळ झाली, असे ती म्हणे. पाऊस आला की कोणीतरी माळवदावर धावत जाऊन साण्यावर पाटी पालथी घालायची. एकदा त्यातून मांजर थेट दुधाच्या भांड्यात पडले होते. त्या मांजराची कथा आमच्या घरात अजून सांगितली जाते.

त्या घरात माणसे एका जागी बसत नसत. सकाळ चौकात, दुपार माजघरात, संध्याकाळ ओट्यावर आणि रात्र माळवदावर. यात शास्त्र होते. जाड मातीतून उष्णता फार सावकाश झिरपते. भर दुपारचे ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होते. म्हणून दुपारी आत गारवा आणि रात्री आत उबारा. पण रात्री आत राहते कोण? सगळे घर वळकट्या घेऊन वर गेलेले असे. घर आणि माणसे मिळून उन्हाला चुकवीत. नुसत्या भिंतींनी ते काम झाले नसते.

हे सगळे मी लहानपणी पाहिले. पण त्याकडे नीट बघायला शिकवले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो हैदराबादला वास्तुकला शिकायला गेला होता. आमच्या भागात आर्किटेक्ट म्हणजे श्रीमंतांच्या बंगल्याचा शिंपी, अशीच समजूत. त्यामुळे शेतकऱ्याचा हा मुलगा तिकडे काय शिकतो, याचे सगळ्यांना कुतूहल. दिवाळीच्या सुटीत नांदेडला माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक जाड पुस्तक होते. त्याने त्यातले एक चित्र उघडून माझ्यापुढे धरले. घर उभे चिरून दाखवावे तसे ते चित्र होते. लांबट, अरुंद घर. दोन्हीकडून चढत गेलेले उतरते छप्पर. आणि माथ्यावर एक फट. खालून दाराजवळून बाण आत शिरत होते आणि वरच्या फटीतून बाहेर पडत होते.

"सर, ओळखा बघू काय आहे," तो म्हणाला.

मी म्हटले, "अरे, हे तर आपले साणे!"

तो हसला. "मीही हेच म्हणालो. पण आमच्याकडे याला चार्ल्स कोरिया म्हणतात."

चार्ल्स कोरिया हे नाव मुंबईकरांना नवे नाही. हा माणूस मूळ गोव्याच्या घराण्यातला. पण 1930 साली जन्मला सिकंदराबादला, म्हणजे आमच्याच त्या वेळच्या हैदराबाद संस्थानात. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकला, पुढे अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटी येथे वास्तुकला शिकला, आणि 1958 साली मुंबईत त्याने आपला व्यवसाय मांडला. काळ असा होता की चंदीगड उभे राहत होते, अहमदाबादेत फ्रान्सच्या ल कोर्बुझिएने बांधलेल्या इमारती ताज्या होत्या, आणि आधुनिक म्हणजे काँक्रीट व काच असे समीकरण तरुण वास्तुकारांच्या डोक्यात बसत होते. कोरियाही त्याच आधुनिकांतला; कोर्बुझिएला मानणारा. परंतु त्याने लवकरच एक साधा हिशेब मांडला. आपला देश गरम आहे आणि गरीबही आहे. इमारत थंड करायला यंत्र बसवणे परवडणार नाही. तेव्हा इमारतीनेच ते काम केले पाहिजे.

1960 च्या सुमारास गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाने स्वस्त घरांच्या आराखड्यांसाठी स्पर्धा ठेवली होती. त्या स्पर्धेत कोरियाला पहिले बक्षीस मिळाले ते याच घरासाठी. सुमारे 12 फूट रुंद आणि 60 फूट लांब असे हे नळीसारखे घर. नावही त्याला 'ट्यूब हाऊस' असेच मिळाले. अशी घरे एकाला एक लागून बांधायची, म्हणजे लांब भिंती शेजाऱ्याच्या सावलीत राहतात आणि ऊन फक्त दोन टोकांना लागते. आतली हवा तापली की ती उतरत्या छपराच्या आतल्या बाजूने वर चढते आणि माथ्याच्या फटीतून निघून जाते. तिची जागा घ्यायला दाराजवळच्या झडपांतून नवी हवा आत येते. झडपा कमी-जास्त उघडून वारा हवा तेवढा घ्यायचा. विजेचा खर्च काही नाही. मध्ये एक छोटासा उघडा चौक. नमुन्याचे घर अहमदाबादेत बांधले गेले होते. ते आज उभे नाही. त्यातला विचार मात्र पुढे त्याच्या कित्येक इमारतींत राहिला.

साबरमतीला गांधीजींच्या आश्रमात 1963 साली पुरे झालेले संग्रहालय त्याचेच. विटांचे खांब, कौलारू छपरे, लहान लहान चौरस दालने आणि त्यांच्यामध्ये उघडी अंगणे. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. पुढे अहमदाबादेतच पारेख कुटुंबासाठी त्याने जे घर बांधले, त्यात तर त्याने एकाच घराचे दोन ऋतू केले. एक भाग उन्हाळ्यातल्या दुपारचा, वर निमुळता होत गेलेला, उन्हापासून अंग चोरून बसलेला. दुसरा भाग हिवाळ्याचा आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळचा, आभाळाकडे पसरत गेलेला. माझी आजी वर्षभर जे वळकटी काखेत मारून करीत होती, ते इथे विटांत बांधून काढले होते. आग्ऱ्याच्या किल्ल्यातले मोगलही तेच करीत, असे कोरियाने दाखवून दिले आहे. दुपारी तळघरांत आणि कनातीखालच्या चौकांत, संध्याकाळी गच्च्यांवर. बादशहाचे आणि आमच्या आजीचे या एका बाबतीत एकमत होते, हे वाचून मला फार बरे वाटले.

उघड्या आभाळाखालची जागा हीदेखील घरातली एक खोलीच आहे, हे कोरियाचे म्हणणे. गरम देशात ती सर्वांत स्वस्त आणि वर्षातले कितीतरी तास सर्वांत सुखाची खोली असते. वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या जयपूरला त्याने जवाहर कला केंद्र बांधले. नऊ चौरसांचा त्याचा आराखडा, आणि मधला चौरस आभाळासाठी मोकळा सोडलेला. बेलापूरला, नव्या मुंबईत, 1980 नंतर त्याने लहान माणसांची घरे बांधली ती सात-सात घरांच्या झुबक्यांत, मध्ये एक अंगण ठेवून. कुणाचीही भिंत दुसऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला जसे जमेल तसे त्याने आपले घर वाढवावे. लोकांनी ते इतके वाढवले आहे की मूळ घर शोधावे लागते. पण ती मुभा त्यानेच दिली होती.

जगात असा विचार करणारा तो एकटा नव्हता. इजिप्तमध्ये हसन फथी नावाच्या वास्तुकाराने दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, लक्सरजवळ, कच्च्या विटांच्या कमानींचे आणि घुमटांचे एक अख्खे गाव बांधायला घेतले होते. त्या कमानी लाकडाच्या आधाराशिवाय कशा उचलायच्या, हे तो न्यूबिया भागातल्या खेडवळ गवंड्यांकडून शिकला होता. गाव सुंदर झाले. पण ज्यांच्यासाठी ते बांधले ते लोक तिथे राहायला जायला तयार झाले नाहीत. त्यांना आपले जुने गाव सोडायचे नव्हते. घर चांगले असणे आणि ते आपले वाटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या वाळवंटात दिसले. पुढे तेच आमच्या मातीतही दिसायचे होते.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, मग झाले तर! आपली जुनी घरे उत्तम होती, मोठमोठ्या वास्तुकारांनी त्यांच्यापासून धडे घेतले, आपणच करंटे म्हणून ती पाडून सिमेंटचे डबे बांधले. असे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. मुंबई-पुण्याचे पाहुणे आमच्या गावी आले की पडक्या वाड्याचे फोटो काढतात आणि हळहळतात. त्यांची हळहळ खरी असते; पण त्यांना एक रात्र ठाऊक नसते.

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे झाली होती. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावेच्या गावे दमून झोपली होती. मी तेव्हा सातवीत होतो. आवाज आधी आला की जमीन आधी हलली, हे मला आजही सांगता येणार नाही. वडिलांनी आम्हाला चौकात ओढले एवढे आठवते. आमचे घर पडले नाही. मागची एक भिंत पोट फुगवून ओघळली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी गावे मात्र उजाडता उजाडता दगडांचे ढीग होऊन पडली होती. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. भूकंपाच्या नकाशात हा सगळा भाग तोवर सर्वांत निर्धोक रंगात रंगवलेला होता.

ही माणसे धरणीने मारली असे आपण म्हणतो. खरे म्हणजे त्यांना त्यांच्या घरांनी मारले. दोन हात रुंदीची ती भिंत एकजीव नसते. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मध्ये माती व चिपा. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा लांब दगड आडवा घातलेला नसला, तर हादरा बसताच त्या एकमेकींपासून सुटतात. आणि वर माळवद. दरवर्षी मृगाआधी आम्ही हौसेने टाकलेली पांढरी, वडिलांनी टाकलेली, आजोबांनी टाकलेली, थरावर थर चढत चढत कुठे कुठे दीड हात झाली होती. घर गळू नये म्हणून केलेली पिढ्यान्पिढ्यांची निगा त्या पहाटे ओझे होऊन खाली आली. काही घरांत लाकडी खांबांनी छत तोलून धरले आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. तिथली माणसे निघाली. ज्यांना दगडाची भिंत कधी परवडलीच नाही, जे कुडाच्या आणि छपराच्या झोपडीत राहत होते, त्यांच्यातलेही पुष्कळ वाचले. गारव्याचे घर ज्याच्या नशिबी नव्हते त्याला त्या दिवशी मरणही चुकले.

म्हणून पाहुण्यांनी फोटो काढताना आमची माणसे गप्प बसतात.

पुढे सरकारने आणि जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचे फार मोठे काम झाले. 52 गावे पूर्णपणे नव्याने, बहुतेक नव्या जागेवर वसवली गेली. ज्याची जमीन जेवढी तेवढे घर. 250, 400 किंवा 750 चौरस फूट. घरे भक्कम झाली, यात शंका नाही. रस्ते सरळ, रुंद. दिव्यांचे खांब ओळीत. पण गावकुसाच्या आत खेटून बसलेली माणसे एकदम लांब लांब फेकली गेली. गल्लीची सावली गेली, कारण सावली अरुंद गल्लीतच पडते. आणि वर आला स्लॅब. पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब उष्णता अडवून धरीत नाही. दुपार कलते तोच तो आतून तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत तापलेलाच राहतो. माळवद दुपारी आसरा देई आणि रात्री वर जागा देई. इथे कित्येक घरांना वर जायला जिनाच नव्हता. लोकांनी मग आपल्या पैशाने पुढे पत्र्याचे छप्पर काढले, अंगणात मांडव घातले, बाजा बाहेर आणल्या. आराखड्यात जे नव्हते ते ज्याने त्याने पुन्हा जोडून घेतले.

त्या पुनर्वसनात एक वेगळा माणूसही येऊन गेला होता, हे आमच्या जिल्ह्यातही थोड्यांना ठाऊक आहे. केरळातल्या 'मल्याळ मनोरमा' दैनिकाने आपल्या वाचकांच्या मदतीतून लातूर जिल्ह्यातले बाणेगाव उभे करून दिले, आणि त्याचा आराखडा लॉरी बेकर यांनी केला. बेकर मूळचे इंग्रज. 1917 साली बर्मिंगहॅमला जन्मले, कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांची कामे करायला 1945 साली भारतात आले आणि 2007 साली वारले ते भारताचे नागरिक म्हणून. परत जायच्या बोटीची वाट पाहत मुंबईत असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली होती. घर आसपासच्या पाच मैलांत मिळेल तेवढ्याच सामानाने बांधावे, हे गांधीजींचे म्हणणे बेकर यांनी जन्मभर मनात धरले. मराठवाड्यात पाच मैलांत दगड आणि माती यांच्याशिवाय दुसरे काय मिळणार? आणि त्या दोघांवरून तर लोकांचा विश्वास उडालेला. दोष दगडाचा नव्हता, तो रचण्याच्या रीतीचा होता, हे तज्ज्ञ सांगत होते. भिंतीत आडवे बांधदगड घाला, जोत्याला, दारावर आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदावरची माती उतरवा, म्हणजे जुने घरही उभे राहील, असे सांगून लाखाहून अधिक घरे त्या रीतीने दुरुस्तही झाली. परंतु ज्याने ढिगाऱ्याखालून आपले माणूस ओढून काढले, त्याला बांधदगडाचे शास्त्र पटवणे सोपे नाही. पटवायला जाणाऱ्यानेही जरा बेताने बोलावे.

माझ्या आईचेच घ्या. त्या रात्रीनंतर ती माळवदाखाली एकदाही झोपली नाही. पावसाळ्यात ओसरीच्या कडेला, एक पाय चौकात ठेवून निजावे तशी निजायची. वडील गेल्यावर मी तिला नांदेडला आणले. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, वर उघडी गच्ची, म्हणजे सगळे ऊन आमच्याच डोक्यावर. पहिल्या उन्हाळ्यातच ती म्हणाली, "बाबा, तिथं भितीचं भ्याव होतं, इथं जीव उलायलाय. मला गावी नेऊन घाल." पंखा तीच गरम हवा फिरवीत होता. कूलर लावला तर तिचे सांधे धरत. रात्री दोन वाजता ती गॅलरीच्या जाळीला टेकून बसलेली दिसायची; त्या जाळीतून आभाळाचा जेवढा तुकडा दिसतो तेवढ्याकडे तोंड करून.

गावचे घर तोवर राहण्याजोगे उरले नव्हते. काय करायचे, यावर आम्हा दोघा भावांत पुष्कळ बोलणे झाले. दादांचे म्हणणे, सगळे पाडून सरळ चार खोल्या आणि वर स्लॅब. भूकंप पुन्हा झाला तर? मला चौक मोडवत नव्हता. वहिनी म्हणाल्या, "चौक झाडायला तुम्ही येणार का नांदेडाहून?" हा प्रश्न मला कोणत्याही वास्तुकाराच्या पुस्तकात सापडला नाही, आणि तो अगदी योग्य प्रश्न होता. जुन्या वाड्यांचे कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते सारवले होते?

शेवटी माझा तोच विद्यार्थी कामाला आला. तोवर तो शिकून लातूरला स्थिर झाला होता. दादांची भीती, वहिनींचा झाडू आणि आईची झोप, हे तिन्ही त्याने वहीत लिहून घेतले. आधी हे, मग आराखडा, असे म्हणाला. विटांच्या भिंती, कोपऱ्यांत उभ्या सळया. जोत्याला, दारा-खिडक्यांवर आणि छताखाली असे काँक्रीटचे तीन पट्टे. सळ्यांचा हिशेब इंजिनिअरकडून तपासून घेतलेला. दादांचे समाधान झाले. वर स्लॅबच, पण बारा फुटांचा चौक मध्ये मोकळा, आणि त्याला फरशी, म्हणजे सारवायला नको. गच्चीवर जायला पक्का जिना. आणि स्वयंपाकघराच्या माथ्यावर एक साणे. कडेने जादा सळ्या देऊन मजबूत केलेले, वर चार पायांवर लहानशी छत्री, बाजूंना जाळी.

गावचा गवंडी साण्यापाशी अडला. "गुरुजी, लोक स्लॅबाचं भोक बुजवायला मला बोलवायलेत, अन् तुम्ही पैसे देऊन भोक पाडून घ्यायलाव?" मी त्याला ट्यूब हाऊसचे चित्र दाखवले. त्याने ते उभे-आडवे फिरवून पाहिले आणि म्हणाला, "आमच्या आज्यानं असली शंभर साणी ठेवली असतील. त्याचं चित्र कुणी काढलं न्हाई." यावर मला उत्तर सुचले नाही. कोरियालाही बहुधा सुचले नसते. पण तो नक्की हसला असता. 2015 साली तो मुंबईत वारला. त्याला पद्मविभूषण मिळाले, जगातली मोठमोठी पदके मिळाली. त्याच्यासारख्यांनी आपल्याला काय दिले, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की ज्या गोष्टी आपण लाजून टाकून द्यायला निघालो होतो, त्या आधुनिक माणसालाही शोभतात, हे त्यांनी दाखवले. काँक्रीट वापरा, सळई वापरा, त्या पहाटेचा धडा विसरू नका. पण त्यासाठी आभाळाचा वाटा बुडवायची गरज नाही.

घर होऊन दोन उन्हाळे झाले. खोटे सांगत नाही. जुन्या माजघराचा दुपारचा गारवा त्याला नाही. विटेची भिंत ती विटेचीच. पण साण्याखाली हात धरला की वर जाणारा वारा तळहाताला लागतो, आणि संध्याकाळ झाली की सगळे घर आपसूक चौकात येऊन बसते. वहिनींनी चौकात तुळस आणली. दादा रात्री गच्चीवर रेडिओ घेऊन पडतात. शेजाऱ्यांपैकी दोघांनी येऊन साणे पाहिले. एकाने तसे ठेवले, दुसऱ्याने कूलर घेतला.

आईला वास्तुशांतीच्या दिवशी मी हात धरून आत नेले. ती दारातच थांबली आणि वर पाहिले. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाली, "ह्याच्यावर दरसाल काही टाकावं लागतं का?"

मी म्हटले, "नाही आई. उन्हाळ्याआधी नुसता चुन्याचा एक हात. ऊन परत फिरतं त्यानं."

"चुन्याचं काय ओझं," ती म्हणाली, आणि आत आली.

ती झोपते मात्र चौकातच. घर पक्के आहे हे तिला पटले आहे. तरी सवय ती सवय. दिवाळीत पहाटे गार वारा सुटतो तेव्हा वहिनी तिला खोलीत या म्हणून विनवतात. ती ऐकत नाही. एक गोधडी जास्त मागून घेते.